एका वस्तूच्या तीन तारखा: खेळण्यातली गाडी आणि पेणचा गणपती

घरात एखादी जुनी हॉट व्हील्सची गाडी असेल तर ती घ्या आणि उलटी करा. तळावर बारीक अक्षरांत एक साल दिसेल. समजा ते १९९८ आहे. आता सांगा, ही गाडी कधी बनली?

बहुतेक जण म्हणतील, १९९८ मध्ये. उत्तर चुकलं. ते साल त्या नमुन्याच्या आराखड्यावरच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं असतं. एकदा साचा तयार झाला की त्यातून वर्षानुवर्षं गाड्या निघत राहतात, दर खेपेला नव्या रंगात. तळावरचं साल मात्र तेच राहतं. तुमच्या हातातली गाडी १९९८ च्या साच्याची, पण २०१२ मध्ये ओतलेली असू शकते. आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या भावानं तिच्यावर काळा-पिवळा रंग मारून मुंबईची टॅक्सी केली असेल, तर तिला आणखी एक तारीख आहे.

म्हणजे एका वस्तूला तीन तारखा झाल्या. साच्याची, ओतकामाची आणि रंगाची. पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना मी हल्ली हेच उदाहरण देतो. वस्तूंवरून इतिहास लिहायचा असेल तर या तीन तारखा वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. त्या एकत्र झाल्या की परंपरा, मूळ, अस्सल असे शब्द वाट्टेल तसे वापरले जातात. आणि त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती किंमत कशी असते ते बघायला आपण पेणला जाणार आहोत. पण आधी गाड्यांचं थोडं.

छंदातून काय शिकायचं?

छोट्या गाड्या जोडणं आणि रंगवणं हा जगभरचा छंद आहे. त्यातला पहिला शब्द म्हणजे ‘स्केल’, मराठीत प्रमाण. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एक फुटाला मॉडेलवर अर्धा इंच. १:४३ हे विचित्र प्रमाण आलं ते ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेकडून. तिथे एक फुटाला ७ मिलिमीटर धरत, त्याचा भागाकार ४३.५ च्या आसपास येतो. रेल्वेशेजारी उभ्या करायच्या गाड्याही मग त्याच मापाच्या झाल्या. प्रीमियर पद्मिनी खऱ्यात ३.९३ मीटर लांब होती, १:४३ मध्ये ती सुमारे ९ सेंटिमीटरची होते.

प्रमाण नेहमी गणितातून येतं असं मात्र नाही. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीनं १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या काढल्या, त्यांचं माप काडेपेटीएवढ्या खोक्यावरून ठरलं. खोकं एकच. त्यात बस बसवायची तर बस जास्त लहान करायची, मोटार बसवायची तर मोटार कमी लहान करायची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर मोटार बसएवढी दिसते. ‘माप कोण ठरवतं?’ हा प्रश्न इथे लिहून ठेवा. पेणला गेल्यावर तो पुन्हा लागेल.

आता साच्यांचा एक किस्सा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी टॉइज’ नावाच्या गाड्या १९३० च्या दशकापासून प्रसिद्ध होत्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे काही जुने साचे भारतात आले आणि कलकत्त्यात त्यातून ‘निकी टॉइज’ नावाच्या गाड्या निघू लागल्या. तळावरच्या नावात फेरफार करून डिंकीचं निकी केलेलं होतं. अशी एखादी जग्वार जुन्या बाजारात हाती लागली तर ती इंग्लिश म्हणायची की भारतीय? साचा इंग्लिश, ओतकाम आणि रंग भारतीय. ‘मूळ कुठलं?’ या प्रश्नाला इथे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कुठल्या गोष्टीचं मूळ विचारताय ते आधी सांगावं लागतं.

खऱ्या गाड्यांचंही तसंच आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे आपल्याला अस्सल मुंबईची वाटते. आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. रंग टॅक्सीच्या नियमाचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, टॅक्सीसाठी वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आज शाळकरी मुलं तिचं मॉडेल रंगवतात ते आठवणीवरून किंवा फोटोवरून. पुढच्या संशोधकासाठी तेही एक साधन आहे. मात्र ते मॉडेल पद्मिनीबद्दल जेवढं सांगेल, त्याहून जास्त २०२३ नंतरच्या आठवणींबद्दल सांगेल.

पेणमध्ये हेच काम, वेगळ्या वस्तूवर

रायगड जिल्ह्यातल्या पेणला मोटारींची मॉडेल्स बनत नाहीत, गणपती बनतात. पण हातांचं काम बघितलं तर साम्य लगेच लक्षात येतं. आधी कुशल मूर्तिकार मातीत मूळ नमुना घडवतो. त्यावरून साचा काढतात. पूर्वी साचे प्लास्टरचे, अनेक तुकड्यांचे असत. पुढे रबरी साचे आले, त्यामुळे दागिन्यांची बारीक नक्षीही न तुटता सुटू लागली. साच्यात शाडूची माती दाबून भरतात, किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात आणि मजबुतीसाठी काथ्या घालतात. मूर्ती साच्यातून निघाली की तुकड्यांच्या सांध्यांची रेघ अंगावर दिसते, ती खरवडून, पॉलिश पेपरनं घासून काढतात. मग पांढरा हात, मग कॉम्प्रेसर आणि स्प्रे गननं अंगाचा रंग, पीतांबर, सोनेरी दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी.

मॉडेल गाडी रंगवणाऱ्याला विचारा, तोही हाच क्रम सांगेल. सांध्याची रेघ घासायची, प्रायमर मारायचा, पातळ थर फवारायचे, बारीक काम शेवटी ब्रशनं करायचं. अनुभवी छंदिष्ट एक गोष्ट जपतात. खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा छोट्या मॉडेलवर मारला तर तो गडद आणि जड दिसतो, म्हणून थोडं पांढरं मिसळून तो हलका करतात. रंगालाही प्रमाण लागतं. मूर्तीच्या डोळ्यांत हेच दिसतं. सहा फुटी मूर्तीच्या पापणीची रेघ सहा इंची मूर्तीवर गणितानं बारा पटीनं बारीक करायची म्हटली तर तेवढी बारीक रेघ कुठला ब्रश काढणार? म्हणून लहान मूर्तीचे डोळे गणितानं लहान करता येत नाहीत, ते वेगळ्या पद्धतीनं आखावे लागतात. साचा कितीही उत्तम असो, आखणी करणारा हात बदलला की चेहरा बदलतो. प्रत्येक कारखान्यात या हाताला मान असतो तो उगाच नाही.

पेण शहरात हा व्यवसाय जुना. त्याची सुरुवात सांगताना देवधर घराण्याचं नाव घेतलं जातं. पुढे काम शहराबाहेर पसरलं आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं गणपतीची गावं झाली. इथून दोन प्रकारचा माल निघतो, रंगवलेल्या मूर्ती आणि कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती. कच्च्या मूर्ती दुसऱ्या गावांतले कारागीर घाऊक नेतात आणि आपल्याकडे रंगवून विकतात. आता तुम्हाला किटचा डबा आठवला असेल. आकार एका ठिकाणचा, रंग दुसऱ्या ठिकाणचा.

म्हणून हा प्रश्न घ्या. पेणची कच्ची मूर्ती टेम्पोनं रोह्याला आणली, रोह्यातल्या कारागिरानं ती रंगवली, डोळे आखले, रोह्यातल्याच एका घरात ती बसली आणि कुंडलिकेत तिचं विसर्जन झालं. ही मूर्ती पेणची की रोह्याची? घरातल्या आजींना विचाराल तर त्या रंगवणाऱ्याचं नाव सांगतील. व्यापाऱ्याला विचाराल तर तो पेण म्हणेल. दोघंही खरं सांगताहेत. एकजण रंगाची तारीख धरून बोलतोय, दुसरा साच्याची. मुलाखती घेताना अशी दोन उत्तरं आली की नवा संशोधक घाबरतो आणि एकाला चूक ठरवतो. तसं करू नका. दोघं कुठल्या तारखेबद्दल बोलताहेत ते विचारा.

माझी फजिती

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही, आपटून कळलं. क्षेत्रकामाच्या सुरुवातीला एका कारखान्यात माळ्यावर ठेवलेला प्लास्टरचा जुना साचा बघायला मिळाला. मागच्या बाजूला एक साल कोरलेलं. मी आनंदानं वहीत लिहिलं, ‘या बैठकीची मूर्ती या सालापासून’. मार्गदर्शकांना पाठवलेल्या टिपणातही तेच. नंतर दुसऱ्या भेटीत घरातल्या वडीलधाऱ्या मूर्तिकारांनी तो साचा हातात घेतला आणि हसले. तो साचा मूळ मातीच्या नमुन्यावरून काढलेला नव्हता. जुना साचा झिजला म्हणून त्यातून निघालेल्या एका चांगल्या मूर्तीवरून नवा साचा घेतला होता. कोरलेलं साल त्या दुरुस्तीचं. बैठक त्याहून जुनी.

मग त्यांनी दोन मूर्ती शेजारी ठेवल्या. एक किंचित बुटकी. शाडूची माती वाळताना आकसते. तिच्यावरून पुन्हा साचा काढला आणि त्यात पुन्हा माती भरली की पुढची मूर्ती आणखी थोडी लहान निघते, नक्षीची धारही बोथट होते. धातूच्या पुतळ्यांच्या अभ्यासकांना ही खूण चांगली ठाऊक आहे. मूळ पुतळ्यावरून साचा काढून केलेली प्रत मुळापेक्षा थोडी लहान भरते, म्हणून ते मोजपट्टीनं प्रत ओळखतात. मी कागद शोधत होतो आणि तारीख मापात लिहिलेली होती. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत वहीबरोबर कॅलिपर असतो.

विरघळणारं दप्तर

आता अडचणीकडे येऊ. मॉडेल गाड्यांचा इतिहास लिहिणं त्यामानानं सोपं, कारण गाड्या उरतात. लोक त्या कपाटात ठेवतात, खोकीसुद्धा जपतात. गणपतीची मूर्ती मुळात उरण्यासाठी नसतेच. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी ती पाण्यात जाते. म्हणजे या कलेचं दप्तर दरवर्षी मुद्दाम, वाजतगाजत विरघळवलं जातं. मग इतिहास कशावरून लिहायचा?

एक, साचे. ते पाण्यात जात नाहीत. मात्र झिजले की फेकले जातात, म्हणून बघायची घाई करा. दोन, न विकलेल्या मूर्ती. त्या पुढच्या वर्षी नवा हात देऊन विकल्या जातात, त्यामुळे कुठे टवका उडाला असेल तर रंगाचे दोन थर दिसतात. तीन, घरातले फोटो. प्रत्येक मराठी घराच्या अल्बममध्ये गणपतीसमोरचा कुटुंबाचा फोटो असतो, आणि मुलांच्या वयावरून त्याचं साल बऱ्यापैकी बांधता येतं. चार, वह्या. कारखान्यांच्या जमाखर्चात माती, प्लास्टर, काथ्या, रंग यांची खरेदी असते. पहिल्यांदा प्लास्टर कधी घेतलं, ते ओतकामाच्या साहित्याची तारीख सांगतं. पाच, माणसं.

सरकारी कागद शोधायचे असतील तर एक व्यावहारिक सूचना. ‘रायगड’ शब्दानं शोधाल तर जुनं फार काही मिळणार नाही. या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. पेण आणि रोहा दोन्ही कुलाबा जिल्ह्यातले तालुके. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही १८८३ चा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ असा आहे. विषय निवडला की आपल्या गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची जुनी नावं आधी एका पानावर लिहून घ्या. पहिल्या वर्षातले दोन महिने वाचतील.

शिवाय रस्ते बघा. पेणजवळ अंतोऱ्याचं बंदर होतं, खाडीतून मुंबईशी वाहतूक चाले. पुढे रेल्वे आली. पेण आणि रोहा एकाच मार्गावर आहेत आणि कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. रोहा ते मंगळूरच्या बाजूपर्यंतचा तो ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. होडीत, रेल्वेत आणि टेम्पोत मूर्ती ठेवण्याची पद्धत वेगळी, धक्के वेगळे, म्हणून मूर्तीचं वजन आणि मापही वेगळं. मॅचबॉक्सचं माप खोक्यानं ठरवलं, तसं मूर्तीचं माप कशानं ठरवलं, हा पेणच्या अभ्यासातला मला सर्वांत फलदायी वाटलेला प्रश्न. घरच्या मूर्तीला देव्हाऱ्याशेजारचा पाट आणि मखर माप देतात. १८९३ पासून सार्वजनिक उत्सव वाढला तसं मंडपानं माप दिलं. आणि अलीकडे माप देतंय सरकार आणि न्यायालय. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात राज्य सरकारनं घरगुती मूर्तीला २ फूट आणि मंडळाच्या मूर्तीला ४ फूट अशी मर्यादा घातली. एका परिपत्रकानं त्या वर्षी कितीतरी मोठे साचे माळ्यावर गेले.

‘परंपरा किती जुनी?’

इथे आपण त्या किमतीपाशी येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम साधारण १५० अंशांपर्यंत तापवून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी घालवलेली पूड. पाणी घातलं की ती ते परत घेते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे साच्यातली बारीकसारीक नक्षी नेमकी उमटते. शाडू आकसतो, प्लास्टर फुगतं. शाडू वाळायला दिवस लागतात, त्यातही पावसाळी हवेत जास्त. प्लास्टरच्या मूर्ती एका साच्यातून दिवसभरात कितीतरी निघतात, वजनाला हलक्या आणि प्रवासात कमी फुटणाऱ्या. स्वस्त मूर्ती आणि उंच मूर्ती या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर शक्य झाल्या त्या यामुळे. आणि अडचणही यामुळेच. शाडू पाण्यात काही तासांत सुटतो. घट्ट झालेलं प्लास्टर पुन्हा जिप्समच होतं, आणि ते एका लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. वर रंगाचा थर असतो तो वेगळाच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं विसर्जनाबद्दल २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. १२ मे २०२० च्या सुधारित तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयानं ३० जानेवारी २०२५ ला या बंदीची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्या वर्षीच्या मूर्तींचं काम तोवर सुरू झालेलं होतं. मग ९ जून २०२५ ला मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा मिळाली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावरचं बंधन मात्र राहिलं. २४ जुलै २०२५ ला आणखी एक आदेश आला, ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. पुन्हा माप!

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी इतिहासाचा आधार घेतला जातो. एक बाजू म्हणते, पेणची मूर्तिकला शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे, तिच्यावर बंदी कशी? दुसरी म्हणते, परंपरा मातीची आहे, प्लास्टर कालचं. आता आपल्या तीन तारखा काढा.

साच्याची परंपरा, म्हणजे बैठक, चेहरा, हातांची ठेवण आणि साच्यातून मूर्ती काढण्याचं तंत्र, हे जुनं. पिढ्यान्‌पिढ्या एकातून दुसऱ्या साच्यात आलेलं. ओतकामाच्या साहित्याची परंपरा मात्र दोन तुकड्यांची. शाडू जुना, प्लास्टर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरलेलं. रंगाची परंपरा तिसऱ्याच वेगानं बदलत गेली. पावडरचे रंग आणि डिंक, मग तयार रंग, मग स्प्रे गन, आणि या सगळ्यात डोळ्यांची आखणी मात्र हातानंच. म्हणजे ‘शंभर वर्षांची परंपरा’ हे वाक्य साच्याबद्दल आणि आखणीबद्दल खरं ठरू शकतं, आणि त्याच मूर्तीच्या साहित्याबद्दल खोटं. ‘प्लास्टर कालचं’ हेही खरं, पण त्यावरून ‘कारागीर कालचे’ असा निष्कर्ष काढणं चूक.

कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तसा तो नाही. साहित्य बदलायचं ठरलं तर कुणाचं काय जाणार, हे या फरकावर अवलंबून आहे. आखणी करणाऱ्या कारागिराचं कौशल्य शाडूवरही चालतं. प्लास्टर ओतणाऱ्या मजुराचं काम जातं किंवा पूर्ण बदलतं, कारण शाडू दाबून भरण्याचा हात आणि वेग वेगळा. उंच मूर्तींचे साचे निकामी होतात. कर्ज काढून सहा महिने आधी केलेला माल पडून राहतो. ‘पेणचे मूर्तिकार’ असा एकच शब्द वापरला की हे सगळे वेगवेगळे लोक एका ओळीत बसतात आणि मदतीची योजना आखताना नेमका मजूर सुटतो. त्याचं नाव ना साच्यावर असतं ना रंगावर.

एका कारखान्यात मला सरळ विचारलं गेलं की तू आमची परंपरा किती जुनी लिहिणार आहेस. विचारण्यात थोडी काळजी होती, थोडा संशय. शंभर म्हणालो असतो तर चहा गोड झाला असता. पन्नास म्हणालो असतो तर पुढची भेट मिळाली नसती. मी तीन आकडे लिहिणार असं सांगितलं, साच्याचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा, रंगाचा वेगळा, आणि प्रत्येकाचा पुरावा त्यांना दाखवूनच. ते थोडा वेळ गप्प होते. मग आतून जुन्या खरेदीच्या वह्या आल्या. त्या वह्या कुणाच्या बाजूनं बोलतील हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. तरी त्यांनी त्या दिल्या. संशोधन प्रस्तावात ‘नैतिक बाबी’ नावाचा जो रकाना आपण घाईघाईत भरतो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तुमच्या विषयाला हे कसं लावायचं?

तुमचा विषय मूर्ती किंवा मॉडेल गाड्या असायलाच हवा असं नाही. पैठणी असो, कोल्हापुरी चप्पल असो, सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत, चार प्रश्न विचारून बघा.

आकार कधीचा आणि कुणाचा? हा साच्याचा प्रश्न. तो विणकामात नक्षीचा होईल, चपलेत कापाचा.

ही विशिष्ट वस्तू कधी आणि कशापासून बनली? हा ओतकामाचा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा खरेदीच्या वहीत किंवा वाहतुकीच्या पावतीत मिळतं, आठवणीत क्वचित.

शेवटचा हात कुणाचा आणि कधीचा? हा रंगाचा प्रश्न. दुरुस्ती, पॉलिश, नवा थर, नवं नाव, सगळं यात येतं. विकत घेणाऱ्याला आठवतो तो हाच हात.

आणि माप कोण ठरवतं? खोकं, पाट, टेम्पो, बाजार की सरकार?

मग एक तक्ता करा. डावीकडे पुरावे, वर तीन तारखा. प्रत्येक पुरावा नेमका कुठल्या तारखेबद्दल बोलतो ते लिहा. ज्या रकान्यात काहीच नाही, तिथे तुमचं क्षेत्रकाम सुरू होतं. प्रस्तावाच्या मुलाखतीत ‘या विषयात नवीन काय?’ असं विचारतातच, त्याचं उत्तरही बहुधा त्या रिकाम्या रकान्यात असतं. माझ्या तक्त्यात पेणचे रकाने बऱ्यापैकी भरले होते, रोह्यासारख्या रंगवणाऱ्या गावांचे रिकामे होते. म्हणून माझं पुढचं प्रकरण तिथलं आहे.

सराव म्हणून आजच एक करा. घरातल्या अल्बममधून गणपतीचे तीन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो काढा. बैठक तीच आहे का ते बघा. मग डोळे बघा. बैठक तीच आणि डोळे वेगळे असतील, तर साचा टिकला आणि हात बदलला. कुठल्या वर्षी बदलला, ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमची पहिली मुलाखत तिथेच झाली.